जोत्याचा मान

ओसरी झाडून झाली की मनकर्णाबाई दाराशेजारची देवळी पुसत. देवळीत एक नारळ होता. तो उचलायचा, खालची धूळ पुसायची आणि पुन्हा तसाच ठेवायचा, हे अक्षय तृतीयेपासून रोज चाललं होतं. आता श्रावण लागला होता.

“बाई, दूध आणलंय,” पायरीवरून भिवराबाईंचा आवाज आला.

भिवराबाई समोरच्याच घरच्या. मल्हारी नवरा, शिवशंकर मुलगा, शालू सून आणि दावणीला पाच-सात शेळ्या. मनकर्णाबाईंची नात राजनंदिनी जन्मली तेव्हा तिच्या आईला दूध उतरेना आणि म्हशीचं दूध पोरीला पचेना. तेव्हा भिवराबाईंनी शेळीचं दूध चालू केलं ते अजून बंद नव्हतं. पोर आता अंगणभर पळायची. दूध घेऊन येणारी मात्र अजून पायरीवरच बसायची. ओसरीवर यायचं नाही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

“मालक काई बोलले का वो?” भिवराबाईंनी गडू पुढं करत विचारलं. त्यांची नजर देवळीकडं गेली आणि लगेच खाली वळली.

“इचारते की. लय कामं हायेत त्यांच्यामागं,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“सवडीनं इचारा, बाई. पर मागची भित फुगायलीय. रातच्याला माती गळती अंगावर. शालूला मी पार दाराकडं झोपविते.”

“बरं,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि दूध घेऊन आत गेल्या.

आता हा नारळ तिथं काय करत होता, ते सांगायला हवं. निंबटाकळी हे पेडगावाहून आत असलेलं गाव. तिथली जुनी रीत अशी, की घराचं काम काढायचं तर आधी चारी शेजाऱ्यांकडं नारळ घेऊन जायचं. शेजारी नारळ फोडतो, एक भकल आपण ठेवतो, एक परत देतो. म्हणजे त्याची राजी झाली. मुळात रीत चांगली आहे हो. बांधकामाची धूळ शेजारच्या घरात जाते, ठोकाठोकीनं लेकरं झोपत नाहीत, तेव्हा आधी गोडीनं सांगावं, एवढाच तिचा अर्थ. पण मनकर्णाबाईंचे मालक बन्सीधरराव सरपंच होते तेव्हा त्यांनी ही गोडी नियमात बसवली. चारी शेजाऱ्यांची राजी आणि सही असल्याशिवाय ग्रामपंचायत बांधकामाची परवानगी देणार नाही, असा ठराव झाला. गावानं टाळ्या वाजवल्या. आपल्याच दारात कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याच्या हातात दिली, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मल्हारीचे तीन शेजारी नारळ फोडून मोकळे झाले. चौथे बन्सीधरराव. ते म्हणाले, “ठेव तिथं. बघू.”

परत दिला असता तर ती हरकत झाली असती. हरकतीवर माणूस भांडू शकतो, चार लोकांत विचारू शकतो. पण ठेवून घेतलेल्या नारळावर काय भांडणार? मालक नाही म्हणालेच नव्हते!

त्यांचं दुखणं मोठं साधं होतं. त्यांच्याच सरपंचकीत गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि तो मल्हारीच्या उंबऱ्याहून हातभर वर आला. तेव्हापासून पाऊस आला की गल्लीचं सगळं पाणी मल्हारीच्या घरात शिरायचं. चूल उचलून बाजेवर ठेवायची, पीठ शिंक्याला टांगायचं, असे त्या घराचे पावसाळे चालले होते. मातीची भिंत खालून भिजत होती, वर माळवदाचं, त्या मातीच्या छपराचं, ओझं तसंच होतं. घर पाडून नवं करायचं तर जोतं, म्हणजे घराचा चौथरा, उचलायलाच हवं, आणि उचललं की ते बन्सीधररावांच्या जोत्याच्या बरोबरीला येणार.

त्या दुपारी नवऱ्याला ताट वाढताना मनकर्णाबाईंनी विषय काढलाच.

“अवो, मल्हारीचा नारळ तसाच हाय.”

“असू दे की. तुला काय खायला मागायलाय का तो?”

“भित पडायला झालीय म्हनती भिवरा.”

“मंग डागडुजी कर म्हनावं. नको कोण म्हनतंय? जोतं उचलायचं म्हनतो तो. आपल्या आजापासून या गल्लीत आपल्या बरोबरीला कुनाचं जोतं आलं न्हाई. उद्या त्याच्या ओसरीवर बसून तो मपल्या ओसरीत बघणार. चालंल तुला?”

मनकर्णाबाईंच्या तोंडात आलं होतं, की आपली नात त्याच्या शेळीच्या दुधावर जगली, ते चाललं की. पण त्यांनी ताटात अजून एक भाकरी वाढली.

स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत धम्मशीलाताई उभ्या राहिल्या. या गावाच्या ग्रामसेविका. वयानं लहान, पण बोलणं स्वच्छ. “शेजाऱ्याच्या सहीची अट कायद्यात कुठंच नाही,” त्या म्हणाल्या. “ही अट गावानं घातलीय, गावच काढू शकतं. आपल्याच जागेवर जुनं घर नीट करायचं, तर माणसानं नकाशा द्यावा, हद्द दाखवावी आणि कामाला लागावं. अटीपायी गावात किती घरं अडलीत, तुम्हीच बघा. आजच ठराव घेऊ या.”

बन्सीधरराव हसत उठले. “ताई, तुमी नवीन हाव. ही रीत हाय म्हनून गावात एकोपा हाय. शेजाऱ्याला न इचारता बांधायचं, मंग शेजार कशाला म्हनायचं? घाई कशाला? पुढच्या सभेत बघू.”

सरपंच दिनकररावांनी सभेकडं पाहिलं. सभेनं जमिनीकडं पाहिलं. ज्यांची घरं अडली होती, तेही त्या सभेत बसलेले होते बरं का! मल्हारी अगदी मागं, चपलांजवळ बसला होता. बायकांच्या बाजूला भिवराबाई मनकर्णाबाईंच्या शेजारीच होत्या. त्यांनी हळूच बाईंच्या कोपराला हात लावला. नुसता हात, शब्द नाही. मनकर्णाबाईंनी पदर सारखा करायचं निमित्त केलं आणि कोपर काढून घेतलं. विषय पुढच्या सभेवर गेला.

पोळ्याच्या आगेमागे झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. मल्हारीनं माळवदावर पांढरी माती टाकली, भिंतीला बाभळीचे टेकू दिले. पोरगा नि सून घोट्याएवढ्या पाण्यातून भांडी काढत राहिली. मग एका सकाळी लख्ख ऊन पडलं. गाव खूश झालं. पण मातीच्या घरात राहणाऱ्याला विचारा, भिंत पावसात पडत नाही. पावसात ती फुगून धरून राहते. ऊन लागून सुकायला लागली की सुटते.

मल्हारीनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं. शेळ्याही अंगणात बांधल्या होत्या. मनकर्णाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. भिवराबाईंनी दूध काढायला घेतलं आणि गडू आतच राहिल्याचं ध्यानात आलं.

“थांब, मी आलेच,” त्या सुनेला म्हणाल्या. “पोरगी उठली असंल तिकडं. दुधाबिगर रडती ती.”

त्या आत गेल्या. भिंत आतल्या बाजूला बसली आणि तिच्यावर माळवद आलं. आवाज फार मोठा नव्हता. धुळीचा लोट मात्र ओसरीपर्यंत आला आणि सुपातल्या तुरीवर बसला.

सारी गल्ली धावली, बन्सीधररावही धावले. खोटं कशाला बोला, त्यांनीही हातानं माती उपसली. भिवराबाई सापडल्या तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता. गडू हातात होता. शालूनं तो सोडवून घेतला आणि काय करावं न कळून मनकर्णाबाईंच्या हातात दिला. मनकर्णाबाईंना त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. पोरगी दुधाबिगर रडती! माणसानं माणसासाठी आणखी काय करायचं असतं? आणि आपण काय केलं? कोपर काढून घेतलं.

दहाव्याला बन्सीधरराव मल्हारीकडं गेले. घर उरलं नव्हतं, ताडपत्रीखाली माणसं बसली होती. मनकर्णाबाई मागं उभ्या होत्या.

“झालं ते लय वाईट झालं, मल्हारी,” बन्सीधरराव म्हणाले. आवाज खरंच जड होता. “मपली राजी हाय बघ आता. खुशाल काम चालू कर.”

मल्हारीनं हात जोडले. जन्माची सवय, दुसरं काय! पण शिवशंकर उठून उभा राहिला.

“मालक, तुमची राजी आमाला नको.”

“ए, गप,” मल्हारी म्हणाला.

“न्हाई बाबा. मायचा जीव गेल्यावर राजी भेटती व्हय? मंग ती आमाला नकोच. ताडपत्रीत ऱ्हाऊ. मालक, आमचा नारळ तेवढा वापस द्या.”

मनकर्णाबाई घरी गेल्या, देवळीतला नारळ आणला आणि शिवशंकरच्या हातात ठेवला. चार-पाच महिने देवळीत पडून राहिलेला नारळ! पाणी आटून गेलं होतं, आत गोटा खुळखुळत होता. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

गांधी जयंतीच्या सभेत तोच विषय आला. बन्सीधरराव आले होते, पण उठले नाहीत. दिनकररावांनी विचारलं, “कुनाला बोलायचंय?” तेव्हा बायकांतून मनकर्णाबाई उठल्या. त्या सभेत आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

“मला बोलता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्यो नारळ आमच्या घरात व्हता. मी रोज त्याची धूळ पुसली. रोज. मालकानं फोडला न्हाई म्हनून समदे त्यांना बोलत्यात. पर मपल्याबी हाताला काई लकवा मारला न्हवता. मागच्या सभेत भिवरानं मपल्या हाताला हात लावला, मी हात काढून घेतला. हितं बसलेल्या समद्यांनी खाली बगितलं. आपुन समद्यांनी मिळून ती भित पाडली. आता तरी ही अट काढा. शेजाऱ्याच्या हातात एवढी ताकद बरी न्हवं.”

पहिला हात मनकर्णाबाईंचाच वर गेला. मग एकेक करत सगळे. सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, बन्सीधररावांचा.

मनकर्णाबाईंना त्या रात्री झोप लागली. आपण थोडं तरी फेडलं, असं त्यांना वाटलं.

दसरा झाल्यावर मल्हारीनं काम काढलं. सकाळी मनकर्णाबाई ओसरी झाडत होत्या तर पायरीखाली तो उभा. हातात नवा नारळ.

“अवो मल्हारीभाऊ, आता हे लागत न्हाई. ठराव झाला की!”

“झाला ना. सही लागत न्हाई. पर शेजार तं हाय. ती असती तं म्हनली असती, नारळ दिल्याबिगर कुदळ मारू नका.”

मनकर्णाबाईंनी तिथंच पायरीवर नारळ फोडला. एक भकल त्याला दिलं. ते त्यानं उपरण्यात बांधलं, पण तो हलेना.

“आजून एक इचारायचं व्हतं, बाई.”

“बोला की.”

“जोतं कितीक उचलू? न्हाई म्हंजे... मालकाला वाईट वाटायला नको.”

बायको मातीखाली गेली, अट गेली, सगळ्या गावानं हात वर केला, आणि हा माणूस अजून विचारत होता. सभेत बोलून आपण सुटलो असं ज्यांना वाटलं होतं, त्या मनकर्णाबाईंना भर सकाळी तोंड लपवावंसं वाटलं. ही भीती एका ठरावानं घातलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या याच ओसरीवरून ती खाली गेली होती.

त्या पायऱ्या उतरल्या. रस्ता ओलांडून मल्हारीच्या पडक्या जागेत गेल्या. तिथून त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वळून आपल्या घराकडं पाहिलं. ओसरी केवढी उंच दिसत होती!

“भाऊ, जोतं तुमचं. तुमी ठरवा. मला इचारू नका. कुनालाच इचारू नका.”

मल्हारीनं मान हलवली. पण हलवता हलवता त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं ओसरीवर गेली, मालक उभे आहेत का ते बघायला.

ती नजर मनकर्णाबाईंनी पाहिली. त्या दोन पावलं सरकल्या आणि त्याच्या नि ओसरीच्या बरोबर मधे उभ्या राहिल्या. त्याच्याकडं बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

“मारा आता कुदळ,” त्या म्हणाल्या. “मी हितंच हाय.”