दौलतरावांचा बसलेला घसा

दौलतराव उजागरे प्रार्थनेला उभे राहिले की परळच्या गिरणीचा भोंगा आपली वेळ चुकली असं समजून गप्प बसायचा. खोटं वाटत असेल तर लालबागेत कुणालाही विचारा. आमच्या चर्चच्या कौलांवरची कबुतरं त्यांचं ‘आमेन’ ऐकल्याखेरीज परत उतरायची नाहीत.

त्यांना चर्चच्या मंडळीचे वडील व्हायचं होतं. वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या जोडीनं घरोघरी जाऊन मंडळीची काळजी वाहणारा. निवड ईस्टरनंतर, आणि त्या रविवारी उमेदवारानं सर्वांसमोर प्रार्थना करायची. दौलतराव निर्धास्त. देवानं एवढा आवाज उगीच का दिला?

आणि नेमका तोच गेला. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चाळीखालून चालला होता. हे गॅलरीतून मोर्चातल्या पोरांना ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’ असा शास्त्रभाग ऐकवू लागले. खालून ‘झालाच पाहिजे!’, वरून ‘घरी जा, कार्ट्यांनो!’ दुपारभर जुंपली. मग पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मोर्चा पांगला; धूर थेट दौलतरावांच्या उघड्या तोंडात शिरला.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या कमळाबाईंकडे गेले. म्हातारी गुडघ्यांनी अधू. एरवी हे उंबऱ्यातच प्रार्थना सुरू करायचे आणि ती संपली की निघायचे. आज तोंडातून नुसती हवा निघाली. मग स्टुलावर बसले.

“कधीपासून येतोस रे दौलत, आज पहिल्यांदा बसलास,” कमळाबाई म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “माझा लवू तुरुंगात आहे. मागच्या मोर्चात धरला. मंडळीत कुणाला सांगू?”

दौलतरावांना आपली गॅलरी आठवली. मान वर होईना. भेटीच्या दिवशी म्हातारीला हाताला धरून तेच तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेले.

हळूहळू सगळेच मन मोकळं करायला त्यांना गाठू लागले. पाळकसाहेबांनीसुद्धा बायकोशी झालेलं भांडण सांगून टाकलं. दौलतराव मान हलवायचे, फार तर कुजबुजायचे.

निवडीचा रविवार आला. पाळकसाहेब म्हणाले, “दौलतरावांचा घसा बसलाय. मनातल्या मनात प्रार्थना केली तरी चालेल.”

दौलतराव उठले.

“घसा केव्हाच सुटलाय!” कबुतरं भर्रकन उडाली. “मी लपवलं. बोलायला लागलो की मला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही, म्हणून. पण असला लबाड वडील नको. माझं नाव काढा.”

मग मागच्या बाकावरून कमळाबाईंचा आवाज आला.

“मला ठाऊक होतं. मांजरानं तुझा बोंबील पळवला, तेव्हाची शिवी माझ्या खोलीत आली होती.”

“मग बोलली का नाहीस, मावशी?”

“माझं सांगून व्हायचं होतं अजून!”

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. पहिला हात म्हातारीचा, मग मोजायची गरजच उरली नाही.

“वडील, आता प्रार्थना करा,” पाळकसाहेब म्हणाले.

दौलतरावांनी छाती भरून श्वास घेतला. लोकांनी कानांवर हात ठेवले. पण त्यांनी तो श्वास हळूच सोडला आणि मागच्या बाकाकडे वळून विचारलं,

“मावशी, लवूसाठी काय मागू?”