जास्तीचा कप

तोर्गेरने पाचवा कप उचलून परत कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. माणसं चारच होती: तो, आई आणि अकराला येणारे दोन साक्षीदार. तरी आईने सकाळपासून दुसऱ्यांदा पाच कप मांडले होते.

त्या सकाळी तोर्गेरच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब आमच्या खाडीच्या काठावर त्याच्याआधी इतरांनीच करून ठेवला होता. आईच्या बँकखात्यावर अधिकार. घर आणि सफरचंदांची बाग. पाण्यालगतची जमिनीची पट्टी, जिच्यासाठी सुटीतली घरं बांधणारे बेर्गेनचे लोक वीस लाख क्रोनर मोजायला तयार होते. आणि शेवटचं कलम: आईला वृद्धाश्रमात कधी न्यायचं, की न्यायचंच नाही, हे ठरवण्याचा हक्क. फेरीबोटीच्या इंजिनापाशी उमर घालवून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी परतलेल्या, बायको ना पोर अशा माणसाला हे वाईट नाही, असं दुकानात बोललं जाई. तोर्गेरला त्यातलं फक्त शेवटचं कलम हवं होतं, हे दुकानात कुणाला सुचलं नाही. त्याला बाजारभाव नव्हता.

आईच्या मुखत्यारपत्राचा कागद आज झाला नाही तर पुढे सरकारी कार्यालय आईसाठी पालक नेमणार होतं. तो तोर्गेर असेल, किंवा दोन डोंगरांपलीकडचा एखादा वकील, ज्याने आईला कधी पाहिलेलंही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की आठवण गळू लागली आहे, समज शाबूत आहे. निरोप देताना हळूच म्हणाले होते, "उशीर करू नका."

"अनफिनला विचारलंस?" बोर्गहिल्ड खिडकीशी बसून चमचे पुसत होती.

"कशाबद्दल, आई?"

"जमिनीचा कागद आहे ना? त्याला विचारल्याशिवाय मी जमिनीच्या कागदावर नाव घालत नाही. कधी घातलं नाही."

अनफिन म्हणजे तिचा नवरा, तोर्गेरचा बाप. चर्चच्या कुंपणाशी, पाण्याकडे पाय करून, तो नऊ वर्षं झोपला होता.

"आई, बाबा तर..."

"बागेत असेल. हाक मार त्याला."

बाहेर खडीवर गाडी येऊन थांबली. दार आपटल्याचा आवाज आला, मग डाग्नीचा. साक्षीदारांनी आपल्या हाताने लिहून द्यायचं होतं, की बाईला आपण कशावर सही करतो आहोत ते पुरतं कळत होतं. डाग्नी चांगली शेजारीण होती, पण शेजार राखायला म्हणून खोटं लिहून देईल अशी बाई नव्हती. तिच्यासमोर आईने मेलेल्या नवऱ्याची परवानगी मागितली असती, तर डाग्नीने कॉफी पिऊन, जॅम लावून वाफलीची धिरडी खाऊन, पेनाचं टोपण लावून घरचा रस्ता धरला असता.

तोर्गेर बोळात गेला. तिसऱ्या खुंटीवर बापाचा कोट तसाच होता; आईने तो कुणाला काढू दिला नव्हता. तोर्गेरने तो अंगात घातला, टोपी कपाळावर ओढली. डांबराचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास त्याच्या मानेवर चढला. बापासारखा उजवा खांदा पाडून, पायांत नुसते लोकरी मोजे, असा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"सही करून टाक, पोरी," तो छातीतून बोलला.

अनफिन तिला ऐंशीव्या वर्षीही पोरीच म्हणायचा. बोर्गहिल्डने वर पाहिलं. आधी टोपी, मग कोट, मग पार खाली मोज्यांपर्यंत. मग तिने हातातला चमचा इतर चमच्यांशेजारी नीट लावून ठेवला.

"तू म्हणतोस तर करते," ती म्हणाली.

डाग्नी आत आली, मागोमाग पोस्टातून निवृत्त झालेला उलाउस. तोर्गेरला टोपी तेवढी काढता आली होती.

"मे महिन्यात कोट?" डाग्नी म्हणाली. "बोट सोडलीस, पण थंडी सोबत आणलीस वाटतं."

"जरा गारठलो."

"माणसं लग्न करतात ती काय उगाच?" ती खुर्चीत बसली. "बरं, बोर्गहिल्ड, वाफली मागाहून. आधी सांग बघू, कशावर सही करणारेस?"

तोर्गेरने कॉफी ओतायला घेतली आणि किटली पुन्हा खाली ठेवली.

"माझं डोकं गेलं, की बँक, घर, बाग, सगळं तोर्गेर बघेल," बोर्गहिल्ड म्हणाली. "मला कुठे ठेवायचं तेही तोच ठरवेल. होडीघर विकायचं नाही, ते वेगळं लिहून घेतलंय मी. आणि डोकं अजून गेलेलं नाही. गेलं असतं तर तुला जॅम दोन चमचे वाढला असता."

उलाउसला ठसका लागला. डाग्नीही हसली, आणि सही करताना म्हणाली, "म्हातारीचा हात आहे तेवढाच आखडता आहे. काळजी नको."

कोट त्याच दुपारी खुंटीवर गेला. पुढचे काही आठवडे काहीच घडलं नाही, आणि आपण स्वस्तात सुटलो असं तोर्गेरला वाटू लागलं. मग एका संध्याकाळी, सरपण घेऊन तो आत आला तेव्हा आई म्हणाली, "दार लाव, अनफिन." त्याच्या अंगात तेव्हा त्याचाच निळा स्वेटर होता. उन्हाळा सरेपर्यंत त्या घरात तोर्गेर नावाचं कुणी राहिलं नाही. डॉक्टरांनी पत्र दिलं, कागद अमलात आला. बँकेत, करखात्यात, दवाखान्यात तोर्गेरचा शब्द चालू लागला. घरात मात्र टेबलाशी अनफिन बसायचा.

आणि अनफिनची देणी मागे राहिली होती.

"त्या हिवाळ्यात तू माझ्याशी बोलत का नव्हतास?" जेवण झालं, की बोर्गहिल्ड विचारायची.

तोर्गेरला तो हिवाळा आठवत होता. शाळकरी वयाचा तो दोघांच्या मध्ये बसून निरोप पोचवायचा. आईला सांग, बटाटे खारट झालेत. बाबांना सांग, उद्या अळणी करीन. का, ते त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो चर्चच्या कुंपणाशी होता. पहिल्या संध्याकाळी तो नुसता चुलीकडे बघत राहिला. मग आईच्या चेहऱ्यावर त्याला तो हिवाळा पुन्हा सुरू होताना दिसला.

दुसऱ्या संध्याकाळपासून तो म्हणू लागला, "चुकलं माझं, पोरी."

ती मान हलवायची, समाधानाने. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, की पुन्हा विचारायची. देणं रोज फिटत होतं, पावती कधी मिळत नव्हती.

एकदाच त्याने म्हणून पाहिलं, "आई, मी तोर्गेर आहे." तेव्हा ती उठून टेबलाच्या पलीकडे गेली, पाकीट मांडीवर घट्ट धरून बसली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "माझे यजमान एवढ्यात येतील. तुम्ही थांबलात तरी चालेल." काळोख पडेपर्यंत ती तशीच बसून होती. शेवटी त्याने बोळात जाऊन कोट घातला.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तिने कॉफीला तीन कप मांडले. आताशा तीनच मांडायची.

"तिसरा कुणाचा?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"पोराचा. येईल ना शेवटच्या बोटीने." मग तिला हसू आलं. तिने एप्रनचं टोक तोंडावर धरलं. "त्याची एक गंमत सांगते तुला. तो कागद झाला ना, त्या दिवशी तुझा कोट घालून आला होता माझ्यासमोर. तुझा आवाज काढून म्हणतो कसा, सही करून टाक, पोरी."

तोर्गेरचा हात कपाच्या कानात तसाच राहिला.

"तुला कसं कळलं, तोच होता ते?"

"मोज्यांवर आला होता. बागेतून मोज्यांवर कोण येतं?"

"मग सही कशी केलीस?"

"अरे, करणारच होते. कागद त्याच्यासाठीच तर होता. त्या सकाळी मी जरा भरकटले, तुला हाक मार म्हणाले. दारात डाग्नी, आणि पोराच्या तोंडचं पाणी पळालेलं. गेला बिचारा, आणि तुझ्यातलं हाताला लागलं तेवढं घेऊन आला." तिने तिसरा कप जरा मध्ये सरकवला. "एवढं कोण करतं कुणासाठी?"



"त्याला सांगायचं होतंस."

"सांगणार होते. राहून गेलं. आता आला की सांगते." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तू मात्र बोलू नकोस हं. ओशाळेल."

"नाही बोलत."

"बाहेरचा दिवा लावलास? त्याला पायरी दिसत नाही."

तो उठला आणि पायरीवरचा दिवा लावून आला. खाली धक्क्यावरून शेवटची बोट कधीच परत गेली होती.

त्या कागदाचा जमाखर्च असा निघतो. डाग्नी आणि उलाउस वाफली खाऊन गेले, जॅम एकेक चमचा. अनफिनला बसल्या जागी माफी मिळाली. आई घरातच राहिली, म्हणजे तोर्गेरला हवं होतं ते शेवटचं कलमही पदरात पडलं. आणि तोर्गेरची वाट बघत तो दिवा उजाडेपर्यंत जळायचा. त्याचं बिल बोर्गहिल्डच्या खात्यातून जायचं, तोर्गेरच्या सहीने.