निळं न राहणारं दूध

खाल्ती मबरूकाने, म्हणजे मबरूका मावशीने, नळी माझ्या हातातून घेतली, तोंडावर अंगठा दाबला आणि खळाखळा हलवली. पांढरं पडलेलं दूध पुन्हा निळं झालं.

"आला की रंग," ती सी मोन्जीला म्हणाली. "घे आता माझं दूध."

सी मोन्जी आमच्या दूध संकलन केंद्राचा प्रमुख. त्याने माझ्याकडे पाहिलं. हलवल्याने दुधात हवा मिसळते आणि रंग तेवढ्यापुरता परत येतो, तो धरायचा नसतो, असं मी सांगितलं.

"म्हणजे गेला तो खरा आणि आला तो खोटा? हेच शिकायला तूनिस शहरात गेली होतीस का गं सोंदेस?"

दर सकाळी मी प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध नळीत घेते, त्यात मिथिलीन ब्लूचे थेंब टाकते आणि नळ्या कोमट पाण्यात उभ्या करते. दुधातले जिवाणू आधी त्यातला प्राणवायू संपवतात, मग रंगाची पाळी येते. जिवाणू जितके जास्त, तितकं निळं लवकर जातं. दूध बराच वेळ निळं राहिलं तरच आम्ही ते घेतो. खाल्तीचं दूध दुसऱ्यांदा परत चाललं होतं. उद्याही गेलं तर केंद्राच्या यादीतून तिचं नाव कमी होणार होतं. आसपास दुसरं केंद्र नाही आणि दूध विकलं गेलं नाही तर तिला तिची एकुलती एक गाय ठेवता येणार नव्हती.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. खाल्तीचा कॅन आरशासारखा लख्ख असायचा. शेजारच्या अम् बशीरच्या, म्हणजे बशीरकाकाच्या, कॅनला शेण चिकटलेलं असायचं, तरी त्याचं दूध दुपारपर्यंत निळंशार. मी नळ्यांच्या जागा बदलून पाहिल्या, रंगाची नवी बाटली उघडली. निकाल तोच.

संध्याकाळी धारेच्या वेळी मी नळ्या घेऊन खाल्तीच्या गोठ्यात गेले. तिने माझ्यासमोर कॅन उकळत्या पाण्याने धुतला. एक नळी मी थेट सडाखाली धरून भरली, दुसरी कॅनमधल्या दुधाची. दोन्ही कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या. आम्ही चहा प्यालो. सडाखालची निळीच राहिली, कॅनमधली बघता बघता पांढरी पडली. गाय चांगली, कॅन उकळलेला, मग मध्ये शिरलं काय?

धुतल्यावर तिने नेमकं काय केलं, ते मी विचारलं.

"काय करणार? उपडा ठेवला, निथळला, बरकत घातली."

बरकत म्हणजे पेलाभर कालचं लबन, आंबट ताक. मी पाणी आणायला वळले तेव्हा तिने ते कॅनमध्ये ओतलं होतं. रिकामं भांडं गाईखाली धरायचं नाही, असं तिच्या आईने शिकवलेलं. त्या पेल्यात कोट्यवधी जिवाणू होते, आणि ऊबदार दुधात त्यांची चंगळ.

"मग हे आधी का नाही सांगितलंस, खाल्ती?"

"तोंड धुतलं, असं तू मला सांगतेस का रोज?"

उद्या एक दिवस ते घालू नकोस, एवढी मी विनवणी केली. तिने हो म्हटलं नाही. मी निघताना मात्र तिने लबनची बाटली माझ्या हातात दिली.

सकाळी मला राहवेना. उकळून निववलेल्या दुधात मी चमचाभर लबन आणि रंग टाकला. निळं झपाट्याने गेलं. तेवढंच लबन अम् बशीरच्या दुधात टाकलं. निळं हललं नाही. म्हणजे त्या दुधात जिवाणूंना जगू न देणारं काहीतरी होतं. विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. गाईची कास सुजली होती, डॉक्टरने सडात औषध सोडलं होतं. दूध काही दिवस बाजूला ठेवा असं सांगितलं होतं खरं, पण औषधाचं दूध उलट जास्त शुद्ध, असा त्याचा हिशेब. सी मोन्जीने ते परत केलं.

"पांढरं परत, निळंही परत," अम् बशीर म्हणाला. "तुम्हाला हवंय तरी काय?"

जिवाणूही नकोत आणि औषधही नको, असं मी म्हणाले.

खाल्ती सगळ्यांच्या शेवटी आली आणि नळीसमोर बसून राहिली. मी दहा वेळा तरी वाकून पाहिलं. दूध निळंच राहिलं. सी मोन्जीने कॅन टाकीत ओतून घेतला. तिचं नाव राहिलं, गायही राहिली. तिच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना.

"बशीरचं औषधाचं दूधही असंच निळं होतं," ती म्हणाली. "मग माझं मेलंय का?"

मेलेलं नाही, त्यात मुळात कुणी फारसं आलेलंच नाही, असं मी म्हणाले. पण तिला ते पटलंय असं मला वाटेना. शेवटी तिच्याच बाटलीतलं चमचाभर लबन मी तिच्या नळीत टाकलं. आम्ही दोघी बघत बसलो. निळं वरच्या काठाशी कडं धरून राहिलं, बाकी सगळं पांढरं झालं.

"हां," खाल्ती म्हणाली. "आता ओळखीचं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिच्या कॅनच्या कडीला दोरीने एक बाटली लटकत होती, बूच घट्ट लावलेलं, आत लबन. हे काय, असं सी मोन्जीने विचारलं.

"बरकत," ती म्हणाली. "बाहेरून चालेल ना तुमच्या निळ्याला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बूच तपासलं आणि मान डोलावली.