ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली ढाल

मी एक जुनी ढाल आहे. हसू नका. लढाईतली नाही, तुमच्या तळहाताएवढी, काळ्या प्लास्टिकची. लाकूड कापायच्या मशीनवर पुढच्या दांड्यासमोर मी उभी असायचे. आता शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे, मधोमध तडकलेली. त्या तडकलेल्या जागेतून सायकलच्या ट्यूबची एक काळी पट्टी ओवलीय. मित्रांनो, त्या पट्टीचं सांगायचं म्हणून तोंड उघडलंय. नाहीतर मला बडबडीचा कंटाळाच.

कारखान्यात मला साच्यात ओतलं, गार झाल्यावर ठोकून बाहेर काढलं. एका बाईनं मला मशीनवर बसवलं. पुढे ढकललं, खट. मागे ओढलं, खट. असं दहा वेळा केलं आणि म्हणाली, "चल, पास." पुढच्या आयुष्यात मला कुणी पास वगैरे केलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

माझं काम एकच. कापता कापता मशीन उसळली की धरणाऱ्याचं मनगट माझ्यावर आपटतं. मी पुढे पडते आणि पात्याभोवती गरगर फिरणारी दातेरी चेन पापणी लवायच्या आत जागच्या जागी थांबते. दिवसदिवस काही करायचं नाही, आणि एखाद्या दिवशी एका क्षणात सगळं करायचं. लोकांना वाटतं, नुसती उभी तर असते ही.

मला विकत घेतलं दाजींनी. दाजी झाडं कापायचे. वाऱ्यानं पडलेली, रस्त्यावर आलेली, कुणाच्या छपरावर झुकलेली. त्यांची बायको म्हणजे ताई. पहिल्याच दिवशी मशीन घरात आणली तर ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणली का माझ्या उरावर सवत? आवाज तरी ऐका तिचा!"

"तुझ्यापेक्षा कमीच आहे," दाजी म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

दाजींच्या हातात मी सहा वर्षं होते. माणूस सावकाश. सगळ्यांना वाटतं झाड पाडणं अवघड. छे! पाडलेलं झाड जास्त वाईट. उभं झाड पडणार एवढं तरी कळतं, आडवं झालेलं काय करेल त्याचा नेम नाही. दाजी आधी खोडाभोवती एक चक्कर मारायचे. कुठे टेकलंय, कुठली फांदी खाली दबून वाकलीय, सगळं बघायचे. उतार असला की वरच्या बाजूला उभे राहायचे, खोड आपल्या आणि चेनच्या मधे ठेवायचे. पायाखालच्या फांद्या ओढून बाजूला टाकल्याशिवाय पुढची फांदी तोडायची नाही. आणि खोडाखालच्या फांद्या, ज्यांच्यावर खोड पेललेलं असतं, त्या सगळ्यात शेवटी.

"खाट आहे ती," ते म्हणायचे. "खाटेवर माणूस झोपलाय आणि तू पाय कापतोस?"

एक पाऊल टाकायचं झालं तरी आधी मला पुढे ढकलायचे. खट. चेन बंद. मग पाऊल. दिवसातून दोनशे वेळा तरी. मला वैताग यायचा, खरं सांगते. पण तो वैताग बरा होता.

एकदा शेंडा तोडताना पात्याचं टोक पानाआडच्या एका खुंटाला लागलं. मशीन अशी उसळली की थेट दाजींच्या गळ्याकडे. त्यांचं मनगट माझ्यावर आदळलं, मी पुढे पडले. चेन थांबली तेव्हा गळा चार बोटांवर होता. दाजी खाली बसले, पाणी प्यायले, आणि सदऱ्याच्या टोकानं मला पुसलं. घरी जाऊन ताईला दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये मशीनखाली तिची जुनी घडी केलेली चादर असायची. सवतीला चादर!

मग दाजींचा खांदा गेला. हात खांद्याच्या वर जाईना. मशीन ताईच्या धाकट्या भावाकडे आली. दाजींचा मेव्हणा. दाजी त्याला चिडवायला 'पाहुणे' म्हणायचे, कारण तो कुठल्याच कामाला टिकायचा नाही. पण इथे टिकला. हाताला वेग होता, ताकद होती. आणि वाईट नव्हता हो तो. दाजींच्या खांद्याला रोज तेल चोळून द्यायचा. फक्त घाई. जेवताना घाई, चालताना घाई, झोपतानासुद्धा घाईनं झोपत असेल.

फांद्या तोडताना डहाळ्या माझ्यावर आपटायच्या. आपटल्या की मी पडणार, ते माझं कामच आहे. मी पडले की चेन बंद. तो मागे ओढायचा, पुन्हा कापायचा, पुन्हा डहाळी, पुन्हा खट.

"दाजी, ही तुमची ढाल आहे की सासू?" तो ओरडला. "दर मिनिटाला नाक खुपसते मधे!"

"नाक खुपसते म्हणून तुझं नाक जागेवर आहे," दाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यानं दाजींकडे ट्यूबचा तुकडा मागितला. दाजींनी कशाला ते विचारलं नाही. अडगळीतल्या सायकलची ट्यूब काढली आणि स्वतःच्या सुरीनं दोन हात लांब पट्टी कापून दिली. पेट्रोलच्या कॅनला बांधायची असेल, त्यांना वाटलं.

सकाळी ती पट्टी माझ्याभोवती होती. मला मागे ओढून दांड्याला चार वेढे घट्ट गुंडाळलं होतं. आता मला जगानं ढकललं असतं तरी मी हलले नसते. माझं डोकं फिरलं. पण ढालीचं डोकं फिरून काय होतं? आम्हाला ओरडता येत नाही.

दाजींनी बघितलं. अगदी नीट बघितलं, कारण ती पट्टी त्यांच्याच हातची होती.

"सोड ते."

"सोडतो हो. आजचं एवढं उरकू द्या, उद्या सोडतो."

दाजींनी तेवढ्यावर सोडलं. त्यांचा खांदा गेलेला, कामं याच्या जिवावर चाललेली. घरात जावयानं मेव्हण्याला किती बोलायचं, हाही हिशेब असतो. ते 'उद्या' अकरा दिवस आलं नाही. मी मोजलेत. दुसरं काम काय होतं मला?

बाराव्या दिवशी उतारावर पडलेलं एक मोठं झाड होतं. खोड एका जाड फांदीवर पेललेलं. मेव्हण्यानं वरच्या फांद्या सपासप उडवल्या. दाजी वरच्या बाजूनं एका हातानं फांद्या ओढत होते, पण याच्या वेगाला एक हात कसा पुरणार? पायाखाली ढीग झाला. मग हा खोडावरून उडी मारून खालच्या बाजूला गेला. तिथून हात चांगला पोहोचतो म्हणून.

"वर ये!" दाजी ओरडले. "अरे, खोडाच्या खाली आहेस तू! वर ये आधी!"

"आलो आलो. एवढी एकच."

एवढी एकच म्हणजे ती जाड फांदी. खाटेचा पाय.

चेन आत शिरली तेव्हाच मला कळलं. लाकूड आधी बारीक कुरकुरलं. मेव्हण्यालाही कळलं असणार, कारण त्याची बोटं माझ्यामागे आवळली गेली. फांदी कडकन मोडली आणि खोड फिरलं, त्याच्याच दिशेनं. तो मागे सरकला. पाय ढिगात अडकला. पडता पडता पात्याचं टोक एका खुंटाला लागलं आणि मशीन उसळली.

त्याचं मनगट माझ्यावर आलं. बरोब्बर, जसं यायला हवं तसं. मी जीव खाऊन पुढे जायला बघितलं. पट्टीनं सोडलं नाही. त्या धक्क्यानं मी मधोमध तडकले, पण ब्रेक लागला नाही. त्यानं तोंड चुकवलं. मशीन खाली आली ती त्याच्या डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर. चेन फिरत होती.

खोड एका खडकाला टेकून थांबलं, नाहीतर सांगायला उरलं काय असतं?

दाजी गेलेल्या खांद्यासकट उतारावरून खाली आले. मशीन बंद केली. रक्त बघितलं. खिशात हात घातला, रुमाल एवढासा. मग त्यांची नजर माझ्यावर आली. सुरी काढून त्यांनी पट्टीची गाठ कापली, चारही वेढे सोडवले आणि तीच पट्टी जखमेच्या वर, मांडीभोवती दातओठ खाऊन आवळली. जो हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्याच हातानं.

"दाजी, सोडतो म्हणालो होतो ना," मेव्हणा पांढऱ्याफटक तोंडानं म्हणाला. "उद्या सोडणार होतो."

"गप्प. बोलू नकोस. माझ्याकडे बघ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी आवळली नसती तर वाटेतच संपलं असतं. ताईला सगळे सांगत होते, दाजींनी वाचवलं. दाजी कोपऱ्यात ती सुरी हातात धरून बसले होते. ताईनं विचारलं, "काय झालं? तुम्ही का असे बसलात?" तेव्हा एवढंच म्हणाले, "पट्टी मीच कापून दिली होती गं."

पाय राहिला. पण गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. मेव्हणा चालतो तेव्हा एक पाऊल पडतं आणि दुसरं ओढलं जातं, म्हणजे तो शेडमध्ये येतोय हे मला लांबूनच कळतं. माझ्या जागी नवी ढाल आली. मला फेकून देणार होते. मेव्हण्यानं मला खिळ्याला टांगलं, आणि ती पट्टी धुऊन माझ्यातून ओवली. डाग गेले नाहीत. रोज सकाळी तो नवीला तीन वेळा पुढे-मागे करून बघतो. खट, खट, खट. मग माझ्याकडे बघतो. मीही बघते. आमचं एवढंच बोलणं.

आता कालचं सांगते. खालच्या वस्तीतला एक लाकूडवाला मशीनला तेल मागायला आला होता. तो नेहमी येतो, मोठमोठ्यानं हसतो, बोट धरून त्याची पोरगी असते. काल पोरगी नव्हती. माझ्याकडे बोट दाखवून मेव्हण्याला म्हणाला, "ती पट्टी देतोस का? माझी ढालसुद्धा सारखी मधे येते बघ. बांधून टाकतो."

मेव्हणा बाकड्यावर बसला आणि पॅन्ट मांडीपर्यंत वर केली.

लाकूडवाल्याचं हसू गेलं. "अरे बापरे," म्हणाला. तेल घेतलं. "नको, राहू दे पट्टी," म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळानं उताराकडून त्याची मशीन सुरू झाली. मी कान लावून होते. एक फांदी, दुसरी, तिसरी. पावलं टाकत असणार तो, जागा बदलत असणार. पण मधे मशीनचा आवाज एकदाही तुटला नाही. एकदाही खट झालं नाही.

मित्रांनो, त्याला बहुतेक दुसरीकडून पट्टी मिळाली असणार. पट्टी काय, कुठेही मिळते.

मी इथून हलू शकत नाही. तुम्ही हलू शकता. त्याची पोरगी तुमच्याच वयाची आहे, दिसली तर तिला ही गोष्ट सांगा. आणि तुमच्या घरातून कुणी असली मशीन घेऊन निघालं, बाबा, मामा, आत्या, कुणीही, तर दारात आडवे उभे राहा. चिडतील, उशीर होतोय म्हणतील. म्हणू देत. तुम्ही एकच सांगा, "ढाल पुढे ढकलून दाखवा."

आणि खट ऐकू आल्याशिवाय दारातून हलू नका.