बाईंचा कान

विनिता दामल्यांच्या कानाबद्दल डोंबिवलीत लोक कौतुकाने बोलायचे. वीस मुलं एकदम गात असली तरी तिसऱ्या रांगेतल्या कुणाचा गंधार उतरलाय, हे बाई मान वर न करता सांगतात, असं त्यांचे जुने विद्यार्थी म्हणत. आणि ते खरं होतं. दर मे महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये त्या बारा दिवसांचं शिबिर घेत. गाणं शिकवायचं नव्हे, चाल बांधायला शिकवायचं. मुलांनी स्वतःचे शब्द आणायचे, चौघाचौघांच्या गटात बसून त्यांना चाल लावायची आणि शेवटच्या दिवशी आईवडिलांसमोर गाऊन दाखवायची. कुणाची चाल बसली आणि कुणाची अजून कच्ची आहे, ते बाई ठरवत. अकरा वर्षं त्याच ठरवत आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या, मधुकररावांच्या लक्षात आलं की मोबाइल शेजारी वाजत असला तरी विनिता उचलत नाही. आधी थट्टा झाली, मग वाद झाला, मग दोघं ठाण्याला नौपाड्यात एका डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कानांची तपासणी केली आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ येत होती आणि अर्ध्यावर पोचल्यावर एकदम उताराला लागत होती. जाडे आवाज ठीक आहेत, डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ते परत येणार नाहीत, यंत्र लावा.

बाईंनी यंत्र घेतलं. घरी येऊन ते कानात घातलं आणि पहिल्यांदा पेटी उघडली. पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. चाळीस वर्षं ज्या सुरांना त्या आपली माणसं समजत होत्या, ते सूर कुणीतरी चिमट्यात धरून पिळल्यासारखे येत होते. यंत्र बोलण्यासाठी असतं, गाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाईंनी ते काढलं, डबीत घातलं आणि डबी कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. बोलणं तर ऐकू येतंय, पेटीही ऐकू येतेय, मग गेलं ते काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग त्या युक्त्यांनी निभावू लागल्या. मुलांच्या अगदी समोर बसायचं. ओठांकडे बघायचं. दर्शना त्यांच्याबरोबर नऊ वर्षं शिबिरात शिकवत होती, तबला तिच्याकडे असायचा. गाणं संपलं की बाई आधी तिलाच विचारायच्या, तुला काय वाटलं गं? ती जे सांगेल त्यावरून आपलं मत बांधायच्या. हे कुणाला कळलेलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

यंदा टिटवाळ्याहून मृणाल नावाची चौदा वर्षांची मुलगी आली होती. गाणं शिकलेली नव्हती. आजोबा कुंडलिक पूर्वी एका गायन पार्टीत होते, जयंतीला गावोगाव जाऊन गायचे, एवढं तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बाकी मुलगी अबोल. सातव्या दिवशी तिच्या गटाची पाळी आली. तिघी पुढे उभ्या राहिल्या आणि मृणाल त्यांच्या मागे खाली मांडी घालून बसली. लाजते, बाईंना वाटलं.

गाणं तिच्या सोसायटीतल्या पाण्यावर होतं.

कळशी मांडली नळाखाली,
नळ म्हणतो, थांब जरा.
आई म्हणते भांडी राहिली,
नळ म्हणतो, थांब जरा.

शब्द बाईंना आवडले. चालही साधी आणि नेटकी होती. पण दर ‘थांब जरा’नंतर मुली गप्प होत आणि दोन मात्रा नुसत्या रिकाम्या जात. वर पंखे घरघरत होते. दर्शना आदल्या दिवशी उतरलेले तबले सुतारासारखी ठोकत बसली होती, तिचं लक्ष नव्हतं, निदान तसं दिसत होतं. म्हणून त्या दिवशी बाईंनी तिला न विचारताच निकाल दिला. चाल छान आहे, पण भोकं पडलीयेत. ती भरा.

मृणालने मागून मान वर केली. ती म्हणाली, “बाई, तिथे आहे ना.”

“तिथे काय आहे?”

मुलगी गोंधळली. तिने ओढणीखालचा हात किंचित वर आणला आणि पुन्हा खाली नेला. बाईंना वाटलं, तिला म्हणायचंय की ती शांतता मुद्दाम ठेवलीय. मग त्यांनी सगळ्या मुलांना समोर बसवून समजावलं. गाण्यात शांतता ठेवणं ही फार मोठी गोष्ट असते, ती ज्याला सगळं भरता येतं त्याला शोभते, आधी भरायला शिका. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंना ते हसणं मृणालसाठी आहे असं वाटलं आणि त्यांनी डोळे मोठे करून मुलांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी त्या दोन मात्रांत मुली ‘हो गं हो’ म्हणत होत्या. गाणं चारचौघांसारखं झालं होतं. आता कसं भरल्यासारखं वाटतं, बाई म्हणाल्या. नवव्या दिवशी मृणाल आली नाही.

त्या दुपारी मुलं गेल्यावर दोघी हॉल आवरत होत्या. मृणालला बरं नसेल, फोन करायला हवा, असं बाई म्हणाल्या. दर्शनाने तबल्याच्या खोळीची नाडी आवळली आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, जिथून ओठ नीट दिसतात तिथे.

“विनिताताई, त्या जागा रिकाम्या नव्हत्या. ती मंजिरी वाजवत होती. त्या दोन छोट्या वाट्या मांडीत धरून, कडेला कड लावून. नळाचे थेंब होते ते.”

बाईंनी आधी मान हलवली. मग त्या खुर्चीवर बसल्या. त्यांना आधी राग आला तो दर्शनाचा. तू तिथे होतीस, त्यांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

“सगळ्या मुलांसमोर काय बोलू? तुम्हाला ऐकू आलं नाही, असं? मला गेल्या वर्षीपासून माहितेय. तुम्ही विचारता ना, तुला काय वाटलं, तेव्हा मी सगळं फोडून सांगते. कुठे काय वाजलं तेसुद्धा. तुम्हाला काय वाटलं, मी बडबडी झालेय? यावेळी तुम्ही विचारलंच नाहीत.”

दर्शनाचा आवाज चढला नव्हता. उलट ती रडवेली झाली होती. आपण सांभाळून घेतोय या नादात आपणच हे चालू दिलं, असं ती पुढे बरंच काही बोलली. त्यातलं निम्मं बाईंना ऐकू आलं नाही, कारण दर्शनाने तोंड फिरवलं होतं.

दर्शना रोजची गाणी मोबाइलवर टिपून ठेवायची, सातव्या दिवसाचं गाणंही त्यात होतं. ते बाईंनी मागून घेतलं. घरी जाऊन कपाटातली डबी काढली, यंत्र कानात घातलं आणि मोबाइल लावला. मुलींचे आवाज पत्र्यावर नखं ओढल्यासारखे आले. पण ‘थांब जरा’ झालं आणि मग टिण्. थोडं थांबून पुन्हा टिण्. दुसऱ्या वेळी एकच थेंब. तिसऱ्या वेळी तीन, घाईघाईने. नळ मुलीशी खेळत होता. शेवटी पाणी आलंच नव्हतं, एक थेंब पडला होता आणि गाणं संपलं होतं. भरायला सांगण्यासारखी तिथे एकही जागा नव्हती. मधुकरराव चहा घेऊन आले, तेव्हा बाई ते गाणं सहाव्यांदा ऐकत होत्या. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. बाईंनी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

दुसऱ्या दिवशी मुलं घरी गेल्यावर दर्शनाच्या स्कूटरवरून दोघी टिटवाळ्याला निघाल्या. शहाडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि यंत्रातून प्रत्येक हॉर्न सुईसारखा आत शिरत होता. बाईंनी यंत्र काढलं नाही.

नव्या इमारतींच्या रांगेत मागच्या बाजूला मृणालचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. आईवडील कामावर गेले होते. दार कुंडलिकरावांनी उघडलं. त्यांनी हात जोडून “जय भीम, मॅडम” म्हटलं. दर्शनाने लगेच “जय भीम” म्हटलं. बाई क्षणभर चाचरल्या, मग त्यांनीही म्हटलं. म्हाताऱ्याने पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी आणलं आणि बाईंना काही बोलायला जागाच न देता माफी मागितली. पोरीने न सांगता शिबिर सोडलं, चूक झाली, पण ती ऐकत नाही. मंजिरी त्यांच्याच पार्टीतली होती, त्यांनीच तिला दिली होती. बाईंना पसंत नाही असं तिने घरी सांगितलं, तेव्हा तेच म्हणाले होते, मॅडम शिकलेल्या आहेत, त्या सांगतात तर काढून टाक.

“आमचं गाणं म्हणजे रस्त्यावरचं, मॅडम. आमच्याकडे मंजिरी पाहिजेच. तुमच्याकडचं वेगळं असणार, असं मी समजलो.”

बाईंचा चेहरा तापला. मृणाल आतल्या दाराशी उभी होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं, समोर बसवलं आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

“मृणाल, मला ती मंजिरी ऐकूच आली नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

मुलगी त्यांच्या कानातल्या यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे नीट वाजत होती?”

“फार नीट वाजत होती.”

“मला वाटलेलं, माझी वाजतच नाही. मी घरी येऊन किती वेळा वाजवून बघितलेली.”

ती काही रडली नाही. तिने आजोबांकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. आणि तिने जे विचारलं त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“मग बाई, बाकीच्यांचं तुम्ही कसं ठरवलं?”

कुंडलिकराव तिला दटावायला गेले, तर बाईंनी हाताने त्यांना थांबवलं. बाई एवढंच म्हणाल्या की ते मला माहीत नाही. मुलीने मान हलवली, जणू तेवढं उत्तर तिला पुरेसं होतं. उद्या येते म्हणाली, पण ‘हो गं हो’ काढणार म्हणाली.

परतताना बाईंच्या डोक्यात तो प्रश्न फिरत राहिला. गेल्या वर्षी त्यांनी किती मुलांना तुझी चाल कच्ची आहे म्हटलं होतं? त्यात बासरीवाली मुलं किती होती? त्यांना चेहरे आठवत होते, चाली आठवत नव्हत्या. आठवणार कशा, ऐकल्याच नसतील तर.

शेवटच्या दिवशी हॉल भरला होता. मृणालचा गट चौथा होता. यावेळी बाईंनी तिला पुढे बसवलं आणि पंखे बंद करायला लावले. उकाड्याने लोक कागदाने वारा घेऊ लागले, मग थेंब पडायला लागले तसे कागद थांबले. शेवटच्या थेंबानंतर टाळ्या वाजायला जरा उशीरच झाला. कुंडलिकराव भिंतीला टेकून उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नव्हते.

सगळे गट झाल्यावर बाई उठल्या. त्यांनी आपल्या कानांचं काय झालंय ते सरळ सांगितलं. दोन वर्षं लपवलं हेही सांगितलं. मृणालच्या गाण्याचं काय केलं तेही. पुढच्या वर्षापासून शिबिर दर्शना बघेल, मी शब्द आणि लय बघेन, सुरांचा निकाल देणार नाही, असं म्हणून त्या खाली बसल्या. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईंना नको होत्या.

बाहेर चपला घालताना योगिनी नावाची एक बाई त्यांच्याजवळ आली. यंदाच्या मुलांत तिचा धाकटा होता. तिची मोठी मुलगी निशा गेल्या वर्षी शिबिरात होती, बासरी वाजवायची. योगिनी भांडायला आलेली नव्हती. ती हळू बोलत होती आणि बाईंना तिच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागत होतं.

“तुम्ही निशाला म्हणालेलात, वरच्या सप्तकात तू हरवतेस, कान तयार नाही. त्यानंतर तिने बासरी हातात धरली नाही. मला फक्त एवढंच सांगा ताई, तिचा कान तयार नव्हता का?”

“तिचा तयार नव्हता की माझा गेला होता,” विनिताबाई म्हणाल्या, “हे मला आता सांगता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. दर्शनाला ऐकवा.”

योगिनी मुलाचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

दोन दिवसांनी दर्शना बाईंच्या घरी आली. दोघींनी मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि ज्यांच्या नावापुढे बाईंनी ‘कच्चं’ लिहिलं होतं त्या मुलांची नावं एका कागदावर उतरवली. सतरा झाली. पहिला फोन बाईंनी निशालाच लावला. मोबाइलचा आवाज मोठा करून तो दोघींच्या मध्ये ठेवला. निशा आता बारावीला होती. ती नीट बोलली, तब्येत विचारली. आईने सगळं सांगितलंय म्हणाली. बाईंनी तिला एकदा येऊन बासरी ऐकवशील का, असं विचारलं.

“बाई, बासरी मी मामेबहिणीला देऊन टाकली,” ती म्हणाली. “आणि आता सकाळपासून क्लास असतो. परीक्षा झाली की बघते.”

बरं, बाई म्हणाल्या. अभ्यास कर. येशील तेव्हा ये. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला का, हे त्यांना कळलं नाही. तिने ठेवला, अशी दर्शनाने मान हलवली. बाईंनी निशाच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही आणि पुढचा नंबर वाचून दाखवायला सांगितला.