खालच्या खणातला पांढरा शेजारी

मी एक जुना डीप फ्रीझर आहे आणि मनात डूख धरून बसलेला आहे. मित्रांनो, यंत्राला राग येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून चार हमालांनी मला समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत आणलं. "केवढं हे धूड!" म्हणत त्यांनी मला भिंतीशी टेकवलं. माझ्या पोटात इतकी थंडी, की ओला हात लागला तर कातडी चिकटावी. तरीही तिथली एक संशोधक बाई जाता-येता माझ्या दारावर मायेने थाप मारायची. ती समुद्रात बुड्या मारायची, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणत.

मासोळी बादलीतून स्पंज आणायची. भांडी घासायचे नव्हेत, जिवंत. स्पंज हा प्राणीच आहे. पण बिचाऱ्याला ना दात, ना नखं, ना पळायला पाय. त्याच्या अंगात असंख्य जिवाणू भाडेकरूंसारखे राहतात आणि त्यांतले काही असं विष करतात, की शत्रू जवळ फिरकत नाही. त्या विषातून माणसांसाठी औषध काढायचं, हा मासोळीचा ध्यास होता. तिच्या वडिलांच्या पायाची जखम चिघळली होती. कुठल्याच औषधाला तिने दाद दिली नाही आणि ते गेले.

प्रयोगशाळेचे मोठे साहेब तिची टर उडवायचे. "काय मासोळी, आज कोणाची भांडी घासायची?" सगळे हसायचे. ती मान खाली घालून कुप्यांवर नावं चिकटवत राहायची.

अखेर तिला हवं ते सापडलं. काचेच्या बशीत तिने जखमा चिघळवणारे जंतू वाढवले होते. त्यांच्यात स्पंजातला एक पिवळा जिवाणू ठेवला, तर काहीच घडलं नाही. मग त्याच स्पंजातला पांढरा जिवाणू त्याच्या शेजारी ठेवला आणि पिवळ्याभोवती स्वच्छ कडं उमटलं. कड्यातले जंतू मेले होते! मासोळीने माझ्या दारावर कपाळ टेकलं. "बाबा, सापडलं हो," एवढंच म्हणाली.

साहेब हसत आले. "आपण मोठं काम केलंय," म्हणाले. पुढे ते काम जगापुढे गेलं, तेव्हा त्यावर नाव एकट्या साहेबांचं होतं. मासोळीने जाब विचारला.

"तू नुसते हात चालवलेस," साहेब म्हणाले. "डोकं माझं होतं."

ती गप्प बसेना, तेव्हा तिची नोकरीच गेली. निघताना तिने सांगून पाहिलं, "सर, पिवळा एकटा काही करत नाही. पांढरा..."

"मला शिकवू नकोस. नीघ."

मग चकचकीत नवा फ्रीझर आला. पिवळ्याच्या कुप्या त्यात गेल्या. मला मात्र उरलेल्या सामानासकट व्हरांड्यात लोटलं. यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी माझी वीज तेवढी तोडली नाही. "पोरीचं सामान आहे आत. असू दे," म्हणाले. माझ्या खालच्या खणात पांढरा होता.

खरं सांगतो, तिथे उभा राहून मी साहेबांचं वाईटच चिंतलं. ते समोरून गेले की मी मुद्दाम घरघर करायचो.

एकदा औषध बनवणारे पाहुणे आले. साहेबांनी ऐटीत बशी उघडली. पिवळा जोमात वाढला होता. जंतूही जोमात वाढले होते! कड्याचा पत्ता नव्हता. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. मित्रांनो, पांढरा शेजारी खोडी काढतो, तेव्हाच पिवळा चिडून विष करतो. त्रास देणाराच नाही, तर विष कशाला? तो जिवाणू मला फार आपला वाटला.

शेवटी साहेबांनी मासोळीला बोलावून घेतलं. पांढऱ्याच्या कुप्या काढायला पाहुण्यांसह सगळे माझ्यापाशी जमले.

"झालं गेलं विसर," साहेब म्हणाले.

"विसरेन. आधी यांना सांगा, काम कोणाचं आहे ते."

"इथे?"

"इथेच."

मी माझी घरघर थांबवली. एक शब्दही मला चुकवायचा नव्हता. साहेब फरशीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले.

"काम हिचं आहे!" साहेब ओरडले आणि तिरीमिरीत त्यांनी माझं दार ओढलं. बर्फाने ते घट्ट धरलं होतं. त्यांनी दोन्ही हात लावले, भिंतीला पाय लावून जोर केला आणि मूठ उपटून हातात आली. साहेब फरशीवर आपटले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर आवाज!

तेवढ्यात मासोळीने हात पुढे केला. "उठा सर. कुप्या मी काढते."

मला संताप आला. हात कशाला द्यायचा? पण तो हात धरताना साहेबांचा चेहरा मी पाहिला. मी शंभर वर्षं कुढलो असतो, तरी त्यांना इतकं लागेल असं काही मला सुचलं नसतं.

पुढचं काम पाहुण्यांनी मासोळीवर सोपवलं. पिवळा आणि पांढरा, दोघांनाही घेऊन ती गेली. त्या औषधाने एका म्हाताऱ्याचा सडू लागलेला पाय वाचला, असं परवा काका सांगत होते.

मित्रांनो, यंत्रांना जपा. आमचा बर्फ काढा, दाराचं रबर पुसत जा. आणि ज्याने काम केलं, त्याचं नाव घ्यायला कधी चुकू नका. माझ्यासारखे पुष्कळजण कोपऱ्यात उभे राहून सगळं बघत असतात.

माझ्यासमोरून जावं लागू नये, म्हणून साहेब हल्ली मागच्या जिन्याने जातात. त्यांना ते फार लांब पडतं.

पडू दे.