जीवखडा

आश्विन उतरणीला लागला होता. वेल्सच्या त्या डोंगरावर नेच्यांची रानं तांबूस झाली होती. ताम्रवर्ण, आर्द्र, अधोमुख. धुकं उतरत होतं, धुकं चढत होतं, आणि त्यातून दोन माणसं माथ्याकडे निघाली होती.

पुढे सून ग्वेन, मागे सासरे त्र्यंबकराव. ज्याच्यामुळे हे नातं, तो निरंजन मधे नव्हता.

आषाढात तो गेला. मरणाला परवाना लागत नाही. बापाला लागला, आणि तो हाती येईस्तोवर इथे दहन उरकलं होतं. ग्वेननं सारं मायेनं केलं, याच माथ्यावर राख वाऱ्याला दिली. पण चितेपाशी जीवखडा उचलायचा, दहा दिवस त्यालाच आपलं माणूस मानून जपायचं, मग पाण्यात सोडायचं, हे तिला कोण सांगणार? खडा राहून गेला. त्र्यंबकरावांच्या लेखी मुलगा अजून कुठेच पोचला नव्हता.

पायथ्याशी ग्वेननं एक दगड स्वतः घेतला, एक त्यांना दिला. इथली रीतच तशी. खालून दगड न्यायचा, माथ्यावरच्या राशीवर ठेवायचा. काळसर, ओला, मुठीत मावणारा. त्यांनी मनाशी ठरवलं, हाच खडा. हा घरी न्यायचा, कृष्णेत सोडायचा.

वाट चढत गेली. शैवालश्याम कातळ, संथशुभ्र मेंढरं, वाऱ्यानं वाकलेलं गवत, गवतानं वाकलेली वाट. मुठीतला दगड पोराच्या तापल्या कपाळासारखा ऊन झाला. त्र्यंबकराव चालत होते आणि रडत होते. वारा होता म्हणून बरं, डोळ्यांना निमित्त होतं.

माथा आला. कितीक हातांची, कितीक वर्षांची रास. ग्वेननं आपला दगड ठेवला. त्यांची मूठ मिटलेलीच राहिली. ते माघारी वळले, आणि ओल्या कातळावर पाय डळमळला.

"बाबा, जपून!"

तोच शब्द, तोच हेल. 'पू' जरासा लांबवलेला. त्यांनी चमकून पाहिलं.

"निरंजन म्हणायचा," ती अडखळत म्हणाली. "उतरताना. मला."

दहा दिवसांचं जपणं या पोरीनं तीन महिने केलं होतं, खड्यावाचून.

त्र्यंबकराव राशीपाशी बसले. मूठ उघडायला वेळ लागला. "पोचलास रे, निरू," ते म्हणाले. "जा आता, बाळा."

उतरताना रिकाम्या हातानं त्यांनी तिचा हात धरला. धुकं चढत होतं, धुकं उतरत होतं. मागे राशीवर दोन नवे दगड होते. त्यातला एक अजून कोमट होता, आणि ताप उतरत जावा तसा, हळूहळू, गार होत होता.